सुई लाल रेघेकडे सरकते तेव्हा...

गाडीचं बॉनेट उघडलं, की आपण बायका आपोआप दोन पावलं मागे सरकतो. खरं की नाही? नवरा, दीर, गॅरेजमधला मुलगा आणि रस्त्यानं जाणारे दोन-चार अनोळखी बाप्ये त्या वाफेकडे गंभीर चेहऱ्यानं बघत उभे राहतात. आपण पिशवीतली पाण्याची बाटली काढून पोरांना देतो आणि झाडाची सावली शोधतो. 'आपल्याला त्यातलं काय कळतंय!' हे आपलं ठरलेलं वाक्य. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला एका गाडीची गोष्ट सांगणार आहे. ती जेवढी यंत्राची आहे, तेवढीच माणसांची. आणि ती समजायला कुकर लावता येत असला, तरी पुरे!

गाडीचं नाव ट्रायम्फ स्टॅग. स्टॅग म्हणजे डौलदार शिंगांचं नर हरीण. इंग्लंडमधल्या ट्रायम्फ कंपनीनं ही गाडी १९७० च्या जूनमध्ये बाजारात आणली. छप्पर मागे टाकता येणारी, चार माणसं बसतील अशी, वेगवान आणि दिसायला तर काय, नजर हटू नये! तिचं रूप घडवलं होतं जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन माणसानं. आपल्या आईवडिलांच्या पिढीला 'स्टँडर्ड हेराल्ड' ही मद्रासला बनणारी छोटी गाडी आठवत असेल. मूळच्या ट्रायम्फ हेराल्डचं रूपही याच मिकेलोत्तीचं. म्हणजे स्टॅग तशी आपल्या हेराल्डची श्रीमंताघरची बहीणच म्हणायची. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरेव्हर' या चित्रपटात जेम्स बाँडनंही ती चालवली. आणखी काय हवं?

पण रूप देखणं आणि प्रकृती नाजूक, असं झालं. गाडी विकत घेतलेल्या माणसांना थोड्याच दिवसांत एक अनुभव वारंवार येऊ लागला. समोरची तापमानाची सुई हळूहळू लाल रेघेकडे सरकायची, बॉनेटमधून वाफ यायची आणि ऐन रस्त्यात गाडी थांबायची. काहींची इंजिनं तर कायमची गेली. बदनामी इतकी झाली, की अमेरिकेतली विक्री १९७३ मध्ये बंद करावी लागली. १९७७ मध्ये गाडीचं उत्पादनच थांबलं. सात वर्षांत जेमतेम २६ हजार गाड्या बनल्या. लोकांनी शिक्का मारून टाकला : 'इंजिन खराब'. विषय संपला!

संपला का? नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

आधी हे तापणं म्हणजे काय, ते बघू. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याची उष्णता प्रचंड. ती बाहेर नेण्यासाठी इंजिनाच्या अंगातून पाणी फिरवतात. ते गरम पाणी पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये येतं, वाऱ्यानं निवतं आणि परत आत जातं. रेडिएटरचं झाकण वाफ कोंडून धरतं, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. अगदी आपल्या कुकरसारखं! कुकरची रबरी रिंग झिजली, की वाफ कशी कडेनं फुसफुसते? इंजिनालाही तशीच एक चपटी रिंग असते. तिला म्हणतात हेड गॅस्केट. खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्यामध्ये ती दाबून बसवलेली असते. 'गॅस्केट उडालं' असं मेकॅनिक म्हणतो, तेव्हा ही रिंग गेलेली असते.

स्टॅगचं इंजिन आठ सिलिंडरचं. चार इकडे, चार तिकडे, मधे इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच. खालचा ठोकळा बिडाचा, म्हणजे लोखंडाच्याच जातीचा, आणि वरची हेड्स अॅल्युमिनियमची. या दोन धातूंचं साध्या पाण्यात विळ्याभोपळ्याचं सख्य! अॅल्युमिनियम झिजतं, त्याचा गाळ होतो आणि तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर क्षार चढतात ना, तसंच समजा. म्हणून या पाण्यात गंजरोधक द्रव बारा महिने हवा. पण लोक तो फक्त थंडीत, पाणी गोठू नये म्हणून घालायचे आणि उन्हाळ्यात साधं पाणी भरायचे.

दुसरं असं, की पाणी फिरवणारा पंप इंजिनाच्या पार वरच्या अंगाला, त्या खाचेत बसवलेला. पाण्याची पातळी थोडी जरी उतरली, तरी पंप कोरडा. विहिरीवरची मोटार हवा धरते, तेव्हा ती नुसती फिरत राहते आणि पाटाला पाणी येत नाही. तीच गत.

तिसरं कारण कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना लगेच कळेल, कारण तिकडे घरटी कुणी ना कुणी फाउंड्रीत असतं. ठोकळ्याचं ओतकाम वाळूच्या साच्यात होतं. काही इंजिनांत ही वाळू आतून नीट साफ झालीच नव्हती. ती पाण्याच्या वाटा अडवून बसली. त्यात हेड आवळणारे निम्मे बोल्ट सरळ आणि निम्मे तिरके, त्यामुळे तापलं की हेडला बाक यायचा. आणि टायमिंग चेन वेळेवर बदलली नाही, तर ती सैल पडून इंजिनाचा घात करायची.

म्हणजे बघा, चूक एक नव्हती. पाच-सहा बारीक बारीक होत्या. आणि बारीक चुकांचं असंच असतं, एकेकटी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

सुरुवातीला मालकांनी काय केलं? अनेकांनी सरळ मूळ इंजिन उपसून काढलं आणि तिथे रोव्हरचं किंवा फोर्डचं इंजिन बसवलं. पण रेडिएटरमधला गाळ तसाच असेल, तर नवीन इंजिन तरी काय करणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

१९७९ मध्ये, म्हणजे कारखान्यानं गाडी बनवणं बंद केल्यावर दोन वर्षांनी, या गाडीच्या मालकांनी एकत्र येऊन 'स्टॅग ओनर्स क्लब' काढला. ज्या गाडीला जग हसत होतं, तिच्या नावानं क्लब! गावोगावच्या गटांच्या बैठका सुरू झाल्या. इंग्लंडात असे क्लब बहुधा संध्याकाळी एखाद्या पबच्या आवारात नाहीतर उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर जमतात. गाड्या ओळीनं उभ्या करायच्या, बॉनेटं उघडायची आणि बोलायचं. त्यात कुणी इंजिनिअर, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. नात्याचं कुणी नाही, पण दुखणं एकच.

अशा बैठकीची एक रीत असते आणि मला तीच फार आवडते. पाना आधी हातात घ्यायचा नाही. आधी विचारायचं. सुई कधी चढते? गर्दीत रखडताना चढत असेल, तर पंखा बघा. मोकळ्या रस्त्यावर जोरात जाताना चढत असेल, तर रेडिएटर तुंबलाय. खाली थेंब दिसत नाही आणि तरी पाणी कमी होतं? मग ते इंजिनातच जातंय. मागून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो? तेलाच्या झाकणाखाली दुधाळ सायीसारखं काही धरलंय? मग गॅस्केटची शंका घ्या. सकाळी सुरू करताना साखळी खुळखुळते? तर चेन. आपल्या जुन्या वैद्यांसारखंच की हे! नाडी बघायच्या आधी चार प्रश्न.

दुसरी रीत म्हणजे, जो बोलेल त्याला हसायचं नाही. 'तुम्ही साधं पाणी घातलंत? कमाल आहे!' असं म्हटलं, की पुढच्या वेळी तो माणूस खरं सांगणारच नाही. आणि खरं सांगितलं नाही, तर रोग सापडणार नाही. एकाच्या गाडीत दिसतो तो योगायोग, दहांच्या गाडीत दिसतं ते कारण.

हळूहळू उपाय ठरत गेले. गंजरोधक द्रव बाराही महिने ठेवायचा. रेडिएटर साफ करायचा किंवा चांगला मोठा बसवायचा. पाण्याच्या वाटांमधली वाळू-गाळ धुऊन काढायचा. पाण्याची पातळी नियमानं बघायची. चेन साधारण ४० हजार किलोमीटरला, सैल पडायची वाट न बघता बदलायची. यातलं एकही काम चमत्काराचं नाही! कारखान्याकडून सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा क्लबनं त्यासाठी निधी उभारला आणि ते नव्यानं बनवून घ्यायची सोय केली. आपल्या भिशी-बचत गटाचीच ही इंग्लंडातली मावसबहीण!

परिणाम काय झाला? आज पन्नास वर्षं उलटली, तरी हजारो स्टॅग रस्त्यावर आहेत. ज्या मूळ इंजिनाला लोकांनी भंगारात काढलं होतं, तेच मूळ इंजिन शाबूत असलेल्या गाडीला आता जास्त मान आहे.

'पण ही सगळी पुरुषांची कामं', असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी बिअॅट्रिस शिलिंगचं नाव सांगते. ही इंग्रज इंजिनिअर बाई मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांवर गेलेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं मर्लिन इंजिन विमानानं एकदम नाक खाली केलं, की अडखळायचं. वैमानिकाच्या जिवाशी खेळ! तिनं सगळं इंजिन बदला असं नाही सांगितलं. पेट्रोल बेताचंच जावं म्हणून मधोमध भोक असलेली वॉशरसारखी छोटी धातूची चकती काढली. १९४१ मध्ये ती स्वतः आपल्या माणसांना घेऊन विमानतळांवर फिरली आणि या चकत्या बसवून दिल्या. केवढीशी चकती, पण दुखणं नेमकं कुठे आहे ते आधी शोधलं होतं!

आमच्या भागातल्या एका बचत गटाचं उदाहरण मला इथे आठवतं. मसाला कांडपाच्या यंत्राची मोटार दोन महिन्यांत दुसऱ्यांदा जळाली. कर्जाचा हप्ता डोक्यावर, लग्नसराईची गिऱ्हाइकं दारात. घरोघरी एकच सूर : 'बायकांना मशीन चालवता येत नाही, विकून टाका.' गटात कुजबुज सुरू झाली, ही म्हणे तिच्या पाळीत जळाली, ती म्हणे हिच्या. तेव्हा गटातल्या वयानं मोठ्या काकूंनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाल्या, "कुनाचं चुकलं ते न्हाई इचारत. कवा कवा तापली तेवढं सांगा." वही काढली. पंधरा दिवस वेळ लिहून ठेवली. मोटार तापायची ती संध्याकाळी सहानंतरच. त्या वेळी गावात विजेचा दाब उतरलेला असतो. दाब कमी झाला, की मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. वायरमननंही तेच सांगितलं. कांडपाची वेळ सकाळची केली, मोटारीला संरक्षक स्विच बसवला. यंत्र विकावं लागलं नाही. आणि ज्या सुनेवर ठपका येत होता, तिची मान वर झाली, हे मला त्याहून मोठं वाटतं.

आता थोडं आपल्या उपयोगाचं. प्रवासात गाडीची सुई लाल रेघेकडे जाताना दिसली, तर गप्प बसू नका, चालवणाऱ्याला सांगा. एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका. शिट्टी न निवता कुकर उघडतो का आपण? उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. पुरतं निवल्यावरच पातळी बघायची. आणि कूलंटचा डबा पोरांपासून, कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा. तो गोडसर लागतो, पण विषारी असतो.

आपल्याही आयुष्यात सुई लाल रेघेकडे सरकत असते. कुणाची कंबर दुखते, कुणाला रात्र-रात्र झोप नाही, कुणाच्या हिशेबाचा मेळ बसत नाही. आपण वाफ कोंडून धरतो, कारण 'लोक काय म्हणतील'. मग एक दिवस सगळंच बंद पडतं आणि शिक्का बसतो : 'हिचंच काहीतरी बिघडलंय.' त्या क्लबातल्या माणसांनी आपल्या बदनाम गाडीचं बॉनेट चारचौघांत उघडलं, म्हणून ती वाचली. हळदीकुंकवाला, भिशीला, गटाच्या बैठकीला आपणही जमतोच. तिथे कधीतरी एकीनं विचारावं, "तुझं कधी तापतं गं?" आणि बाकीच्यांनी न हसता ऐकावं. अर्धं निदान तिथेच होतं.

आणि हो, पुढच्या वेळी रस्त्यात बॉनेट उघडलं, तर मागे सरकू नका. पुढे होऊन विचारा, "सुई नक्की कधी चढली?" बघा, सगळे तुमच्याकडे कसे वळून बघतात ते!