सायकल, सिकलसेल आणि पट्टकादंब

आमच्या भंडारा जिल्ह्यात दोन गोष्टी उदंड. एक तलाव आणि दुसरी सिकलसेल. तलावांचे कौतुक सगळीकडे होते. नवेगावबांधची पाखरे तर मारुती चितमपल्लींनी मराठी माणसाच्या घरोघरी पोचवली. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र आपण लग्न जुळवतानासुद्धा बोलत नाही. पत्रिकेतले छत्तीस गुण मोजतो, रक्ताची चिठ्ठी मागायला लाजतो.

मला या दोन्ही गोष्टी जन्मापासून मिळाल्या. आंधळगावात कोशाचे कापड विणणाऱ्या मागांच्या खटखटाटात वाढलो. सातव्या वर्षी गुडघे सुजले तेव्हा आजीने वात समजून महिनाभर तेल चोळले. निदान पुढे कॉलेजात असताना झाले.

या व्याधीचे गणित थोडक्यात सांगतो. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. फरक एवढाच! पण प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. मग हाडातून जी कळ उठते, ती ज्याची त्यालाच ठाऊक. थंडी, तहान, ताप, दमणूक ही तिची आमंत्रणे. नागपुरातील रुग्णांविषयी तिथल्या डॉक्टरांनी १९५८ साली लिहिले होते. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली ती २०२३ च्या जुलैत.

तर अशा माणसाने जानेवारीच्या थंडीत पक्षी पाहायला सायकलवर निघावे का? मी डॉक्टरांनाच विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, बंदी घालत नाही, अटी घालतो." ऊन वर आल्याशिवाय निघायचे नाही. अर्ध्या तासाला पाणी. चढावर उतरून चालायचे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चुकवायची नाही. आणि हाड बोलू लागले की तिथेच थांबायचे. सौ.ने त्यात एक अट घातली, "एकटं जायचं नाही." म्हणून पुतण्या सोबत. बेत असा की तुमसर, सिहोरा करत चांदपूरचा तलाव गाठायचा, सिहोऱ्यात नातेवाइकांकडे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परतायचे.

गावाबाहेर पडतो न पडतो तोच पारावरून हाक आली, "कोटी चालले जी, गुरुजी?"

"पाखरं पाहायला."

"अन् गावातली उडाली का?"

यावर उत्तर नव्हते. सायकलचा एक फायदा मात्र सांगायलाच हवा. मोटारीतून बोडी दिसते, सायकलवरून बोडीतले दिसते. पहिल्याच बोडीत हळदकुंकू बदकांची जोडी, शिंगाड्याच्या वेलांवर पाय टाकत चाललेले कमळपक्षी, धानाच्या बांधीत काळे शराटी. या बोड्या आणि तलाव कोहळी शेतकऱ्यांनी गोंड राजवटीपासून बांधत आणलेले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तळी सरकारजमा झाली आणि ज्यांनी गाळ काढायचा त्यांचा हक्कच गेला. आज कित्येक बोड्यांत बेशरम माजली आहे. ती वाढली की बदके जागा सोडतात.

तुमसर अजून लांब होते आणि डाव्या मांडीत कळ उठली. मी उतरलो. पुतण्याचा चेहरा उतरला. तो ऑटो बोलवायला निघाला होता, मी म्हटले, आधी बसू. एका बोडीच्या पाळीवर मोहाखाली शाल गुंडाळून बसलो, गोळी घेतली आणि घोट घोट पाणी पीत राहिलो. कळ थांबेना, पण वाढेनाही. अशा वेळी माणूस घड्याळ पाहतो. मी दुर्बीण घेतली.

तेव्हा पलीकडच्या लाखोरीच्या शेतात ते दिसले. राखाडी अंग, पांढरे डोके, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. पट्टकादंब! मोजले, सत्तावीस भरले. जाळे सुकवत बसलेले एक ढिवर काका म्हणाले, "लाखोरी चरतात जी हे. मालक दगडं मारते, पण संध्याकाळी पुन्हा येतात." किती लांबून येतात हे मी सांगितले तेव्हा त्यांनी जाळे बाजूला ठेवले.

हे हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. सात हजार मीटरच्याही वर ते उडताना नोंदले गेले आहेत. तिथे हवा इतकी विरळ, की माझ्या पेशी केव्हाच विळे झाल्या असत्या. त्यांना हे कसे जमते? याचेही उत्तर हिमोग्लोबिनमध्येच आहे. त्यांच्या एका साखळीत ११९ व्या जागी प्रोलिनऐवजी अ‍ॅलानिन असते, त्यामुळे रक्त प्राणवायू घट्ट धरते, असे मॅक्स पेरुत्झ यांनी १९८३ मध्ये मांडले. हिमोग्लोबिनची रचना उलगडल्याबद्दल १९६२ चे नोबेल मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ. पुढच्या संशोधनात आणखीही काही बदल सापडले, पण मुद्दा तोच राहिला.

दीड तासाने ऑटो आला. सायकली टपावर बांधल्या आणि घरी परतलो. चांदपूर राहिले. तीन दिवस अंथरुणावर होतो, दवाखान्यात भरती मात्र व्हावे लागले नाही.

माझ्या शाळेत आठवीत एक मुलगी आहे, तिलाही हीच व्याधी. खेळाच्या तासाला ती वर्गात बसून असते. तिला हंसांची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "सर, त्याचं रक्त बदललं तर तो हिमालय ओलांडतो. आपलं बदललं तर पाय उचलत नाही. असं कसं?" मी म्हटले, "हा बदल एकाच पालकाकडून आला तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. डासांच्या या मुलखात आपले पूर्वज त्यावर तगले. दोन्हीकडून आला की तुझ्या-माझ्यासारखं होतं." ती बराच वेळ गप्प होती. मग विचारले, ती बोडी किती लांब आहे.

तिच्या आईशी बोललो. आईच्या अटी तीन: स्वेटर, पाण्याची बाटली आणि सायकल नाही, ऑटोने जायचे.