पहिल्या दिवशी फक्त तोटा दिसतो

६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३.० बाहेर आले आणि लिनक्सच्या जगात मोठे वादळ उठले. ज्यांचा लिनक्सशी रोजचा संबंध नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगायला हवे. लिनक्स हा मुळात संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा आहे. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांना कामाला लावणे एवढेच त्याचे काम. पडद्यावरच्या विंडो, मेनू, बटणे, वरखालच्या पट्ट्या हे सगळे वेगळे सॉफ्टवेअर असते. त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात आणि ते काढून त्या जागी दुसरे बसवता येते. ग्नोम हे त्यातले एक प्रमुख नाव. १९९७ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची दुसरी पिढी २००२ पासून लोकांच्या अंगवळणी पडली होती. तिसऱ्या पिढीने ती घडी पूर्ण मोडली. नवे डेस्कटॉप पहिल्यांदा पाहून जे मत बनते त्याला किती किंमत द्यायची, हा प्रश्न अशा प्रत्येक बदलाच्या वेळी उभा राहतो. त्याचे उत्तर शोधायला ग्नोम ३ इतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण त्याचा पुढचा सगळा प्रवास आता आपल्यासमोर आहे.

काय बदलले होते? उघड्या विंडोंची नावे दाखवणारी खालची पट्टी गेली. विंडोच्या कोपऱ्यातली तीन बटणे जाऊन बंद करण्याचे एकच उरले. ठेवायला खाली पट्टीच नाही, तर मिनिमाइझ करून विंडो जाणार कुठे, असा त्यामागचा विचार होता. घड्याळ उजवीकडून वरच्या पट्टीच्या मधोमध आले. माउसचा बाण वर डाव्या कोपऱ्यात नेला किंवा कीबोर्डवरची सुपर की, म्हणजे बहुतेकांच्या कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेली की, दाबली की सगळ्या उघड्या विंडो आक्रसून शेजारी शेजारी मांडल्या जात. डावीकडे नेहमीच्या प्रोग्रामांची रांग, उजवीकडे वर्कस्पेस, म्हणजे विंडो वेगवेगळ्या ठेवण्यासाठीचे स्वतंत्र पडदे. त्याच अवस्थेत टाइप करायला लागले की शोध सुरू. एका वर्कस्पेसमध्ये विंडो टाकली की त्याच्याखाली नवा रिकामा वर्कस्पेस आपोआप तयार होई.

प्रतिक्रिया तिखट आल्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षी जाहीरपणे कडक शब्दांत नापसंती सांगितली आणि ते एक्सएफसीई या साध्या डेस्कटॉपकडे वळले. जुन्या ग्नोमचा कोड घेऊन अर्जेंटिनातल्या एका प्रोग्रामरने माते हे डेस्कटॉप सुरू केले. लिनक्स मिंट ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली बनवणाऱ्या मंडळींनी ग्नोम ३ चाच पाया घेऊन सिनॅमन हे डेस्कटॉप घडवले आणि खालची पट्टी, मेनू, बटणे परत आणली. त्यातच एप्रिल २०११ च्या अखेरीस उबंटू या लिनक्सवर आधारलेल्या दुसऱ्या प्रणालीनेही आपले नवे युनिटी हे डेस्कटॉप मुख्य केले. म्हणजे एकाच हंगामात दोन्हीकडून पायाखालची जमीन सरकली.

आता माझे म्हणणे. पहिल्या दर्शनात माणसाला तोटा बिनचूक कळतो, फायदा मात्र कळूच शकत नाही. हात जिथे जातो तिथे बटण नाही, हे पहिल्याच मिनिटाला समजते. नव्या रचनेने काय सोपे केले, ते मात्र हात तिला सरावल्याशिवाय समजत नाही. म्हणून पहिल्या दर्शनावरून ‘हे काढून घेतले’ अशी जी तक्रार येते ती गंभीरपणे घ्यावी, आणि ‘हे वाईट आहे’ हा जो निकाल येतो तो राखून ठेवावा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०११ मध्ये दोन्ही बाजूंनी त्यांची गल्लत केली. चिडलेल्यांना निकाल लागला असे वाटले, आणि बनवणाऱ्यांना तक्रार म्हणजे निव्वळ सवयीचा हट्ट वाटला.

तोट्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे संगणक बंद करणे. ग्नोम ३.० मध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यातला मेनू उघडला तर तिथे ‘सस्पेंड’ दिसे. ‘पॉवर ऑफ’ हवे असेल तर मेनू उघडा ठेवून ऑल्ट की दाबून धरायची, मग त्याच ओळीतला शब्द बदले. हे कुणी सांगितल्याशिवाय कळण्याची शक्यता नव्हती. लॅपटॉपचे झाकण मिटून पुन्हा उघडणाऱ्या माणसाला रोज बंद-चालू करायची गरज नाही, असा हिशोब त्यामागे होता. पण सस्पेंडमध्ये उघडे काम मेमरीत राहते आणि मेमरीला वीज लागते. टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते. त्या वर्षांत लोडशेडिंगचे वेळापत्रक पाहून दिवस आखणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावात सस्पेंड केलेल्या संगणकाची वीज गेली, की जतन न केलेले सगळे गेले. ‘पॉवर ऑफ कुठे आहे’ या तक्रारीला सवयीचा हट्ट म्हणणे चूक होते. त्या रचनेने अखंड वीज गृहीत धरली होती आणि तक्रारीने नेमके त्यावर बोट ठेवले. सप्टेंबर २०१२ च्या ३.६ आवृत्तीत ‘पॉवर ऑफ’ मेनूत उघडपणे परत आले.

फायद्यांची गोष्ट सावकाश उलगडली. सुपर की दाबून दोन-तीन अक्षरे टाइप करायची आणि एंटर मारायचा, ही चाल एकदा बोटांत बसली की मेनूच्या पायऱ्या उतरत प्रोग्राम शोधणे कंटाळवाणे वाटू लागते. त्याच ३.६ पासून मजकूर टाइप करण्याची आयबस ही यंत्रणा ग्नोममध्येच सामावली गेली. मराठीत लिहिणाऱ्यांना याचे मोल विशेष कळेल: इनस्क्रिप्ट असो की फोनेटिक, सेटिंग्जमध्ये इंग्रजीच्या शेजारी मराठी निवडायची आणि पुढच्या आवृत्त्यांत सुपर व स्पेस एकत्र दाबून भाषा बदलायची. आधी यासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागे. २०१३ मध्ये टोरवाल्ड्स ग्नोम ३ कडे परतले, पण हवे ते बदल करून देणारी एक्स्टेंशन बसवून. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने सर्वांत मोठ्याने निकाल दिला, त्याचा निकाल बदलला. तक्रारी मात्र टिकल्या आणि एक्स्टेंशनच्या रूपाने त्याने त्या सोडवून घेतल्या.

यावर एक आक्षेप येईल: माणूस कशालाही सरावतो, मग सरावल्यानंतरच्या मताला तरी काय अर्थ? आक्षेप रास्त आहे. पण सराव सगळ्याच गोष्टींना सारखा होत नाही. उबंटूने ऑक्टोबर २०१७ मध्ये युनिटी सोडून पुन्हा ग्नोम घेतले तेव्हा काय ठेवले आणि काय बदलले ते पाहा. विंडो मांडून दाखवणारे दृश्य ठेवले, सुपर कीचा शोध ठेवला. मिनिमाइझची बटणे आणि कायम दिसणारी प्रोग्रामांची पट्टी मात्र स्वतःहून जोडली. मूळ ग्नोमला येऊन तोवर साडेसहा वर्षे झाली होती. एवढ्या काळानंतरही जी उणीव भरून काढावीशी वाटते, तिला सवय म्हणून उडवून लावता येत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे माते आणि सिनॅमन यांच्यामुळे आधीच तुटपुंजे मनुष्यबळ विभागले गेले. ते खरेच विभागले गेले, आणि त्याची किंमतही आहे. तरीही मला ही किंमत योग्य वाटते. व्यापारी प्रणालींत कंपनीने रचना बदलली की वापरणाऱ्याच्या हाती कुरकुरीपलीकडे फारसे काही उरत नाही. इथे कोड खुला असल्याने नाराजीतून चालते सॉफ्टवेअर उभे राहिले, आणि ज्यांना जुनी रीत हवी होती त्यांचे काम थांबले नाही. शिवाय माते नसते तर ग्नोमवर माघारीचा दबाव इतका वाढला असता, की नव्या रचनेला स्वतःचे गुण दाखवायला सवडच मिळाली नसती.

पहिल्या दर्शनाचा निकालही पूर्ण खरा ठरतो, असे प्रसंग अर्थात आहेत. जानेवारी २००८ मध्ये केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपची ४.० आवृत्ती आली ती अर्धवट होती. तिथे लोकांच्या रागाचे कारण रचना नव्हती, न झालेले काम होते. ते पुढच्या आवृत्त्यांत झाले, पण तोवर कित्येक जण निघून गेले होते. टोरवाल्ड्स त्या वेळी केडीई सोडून ग्नोमवर आले होते.

मार्च २०२१ मध्ये ग्नोम ४० आले तेव्हा वर्कस्पेस आडवे झाले, प्रोग्रामांची रांग डावीकडून खाली आली. बदल मोठा होता, पण या वेळी आधी वापरणाऱ्यांसमोर ठेवून चाचण्या घेतल्या होत्या आणि त्या जाहीरही केल्या होत्या. २०११ सारखा उद्रेक झाला नाही. एक दुखणे मात्र शिल्लक आहे. काढून घेतलेले परत मिळवण्याचा ग्नोममधला मार्ग एक्स्टेंशनचा, आणि दर सहा महिन्यांच्या नव्या आवृत्तीत त्यांपैकी काही बंद पडतात. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये तर अंतर्गत बदलामुळे प्रत्येक एक्स्टेंशनचा कोड नव्याने जुळवावा लागला. हे काम बहुतेक ठिकाणी एकेकटे स्वयंसेवक फावल्या वेळात करतात. ज्या जोडकामाच्या आधाराने इतके लोक ग्नोमवर टिकून आहेत, ते एका आवृत्तीतून दुसरीत सुरळीत जाईल याची हमी देणे ही आता ग्नोमचीच जबाबदारी आहे.