रायपूरला मुलांना घेऊन जाताय?

मग मॉल सोडा, आधी नवा रायपूरची जंगल सफारी गाठा. 2016 साली सुरू झालेल्या या सफारीत खेळ उलटा आहे: जाळीच्या बसमध्ये आपण कोंडलेले आणि वाघ, सिंह, अस्वलं मोकळी! खिडकीची जागा तेवढी पोरांना द्या. ती मोठी माणसंच आधी पटकावतात.

जवळच पुरखौती मुक्तांगण. बस्तरची कला, आदिवासी नर्तकांचे पुतळे, रंगवलेल्या भिंती. ऊन मरणाचं, टोपी-पाणी हवंच.

संध्याकाळी शहरात तेलीबांधा तलाव. लोक त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. समुद्र नाही, पण चाट आहे! वेळ उरलाच तर बुढा तालाबावर विवेकानंदांचा भव्य पुतळा दाखवा. लहानपणी ते रायपुरातच राहिले होते.

आणि हो, सफारी सोमवारी बंद असते.