प्रणाली तपासणारा कोठे बसतो?

वस्तू व सेवा कर परिषदेने 3 सप्टेंबर 2025 रोजी ठरविलेले नवे दर 22 सप्टेंबरपासून लागू झाले. बहुतेक औषधांवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. धंतोलीसारख्या रुग्णालयांच्या वस्तीतील औषध विक्रेत्याला त्या सकाळी बिल नव्या दराने काढावयाचे होते. पण आधी विकलेली गोळ्यांची पट्टी ग्राहकाने परत आणली, तर क्रेडिट नोट जुन्याच दराची. बिलिंगची प्रणाली बनविणाऱ्यांच्या हाती जेमतेम 19 दिवस होते. दर बदलणे सोपे. त्यामुळे परतावा, साठा वा विवरणपत्र बिघडले नाही ना, हे पाहणे अवघड. ते पाहणारा तो टेस्टर.

पूर्वी आधी आराखडा, मग प्रोग्रॅमिंग आणि सर्वांत शेवटी चाचणी, असा क्रम असे. आधीच्या टप्प्यांतील उशीर चाचणीच्या दिवसांतून वसूल होई. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात 17 जाणकारांनी एक जाहीरनामा काढला आणि ‘ॲजाइल’ पद्धतीचे नाव रूढ झाले. यात काम सहसा दोन ते चार आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये विभागतात आणि टेस्टर पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅमरच्या शेजारी बसतो. रोजमेळ रोज जुळविणाऱ्या व्यापाऱ्याला यात नवे काही वाटणार नाही. रोखे घोटाळ्यानंतर 1993 मध्ये बँकांत आलेले समवर्ती लेखापरीक्षणही याच विचाराचे.

मात्र दर पंधरवड्याला नव्या कामासोबत जुनेही सारे पुन्हा तपासावे लागते. ते हाताने होणे नाही, म्हणून जुनी तपासणी प्रोग्रॅमकडून करवितात. मिहानमधील एखाद्या कंपनीत टेस्टर म्हणून लागू पाहणाऱ्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग टाळता येईल, या भ्रमात पालकांनी राहू नये.

तुकड्या-तुकड्यांनी तपासलेले सर्व एकत्र, खऱ्या गर्दीत टिकेल काय, हा प्रश्न निराळाच. ई-वे बिलाची चाचणी 16 जानेवारी 2018 पासून सुरू होती, पण तेव्हा बिल काढणे ऐच्छिक होते. 1 फेब्रुवारीला सक्ती होताच देशभरचे व्यापारी व वाहतूकदार एकाच वेळी आले, पोर्टल अडखळले आणि त्याच दिवशी सक्ती पुढे ढकलावी लागली. आंतरराज्य मालासाठी ती 1 एप्रिलला आली.

खरी गोम आणखी एका ठिकाणी आहे. जाहीरनाम्याच्या चार मूल्यांत व बारा तत्त्वांत प्रोग्रॅमरचा उल्लेख येतो, टेस्टरचा नाही. बँकेत नोंद करणारा आणि मंजुरी देणारा एक नसतो. ॲजाइल गटात दोघे एकाच मेजावर, एकाच तारखेच्या दडपणाखाली असतात. शेजारच्या मित्राचे काम अडविणे टेस्टरला जड जाते, आणि तारीख चुकली तर बोल त्यालाही लागतो. म्हणून काही कंपन्या रोजच्या तपासणीसाठी टेस्टरला गटात बसवितात, पण पैशांच्या व्यवहारांची अखेरची मंजुरी गटाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे ठेवतात. यात दोन-चार दिवस अधिक जातात. बिलिंगची प्रणाली विकत घेताना विक्रेत्याला ही मंजुरी कोण देतो, एवढे विचारण्यास हरकत नसावी.