नदी एक, मजुरी दोन

पन्नास राज्यं, पन्नास हिशेब : लेखांक ६

न्यू जर्सीतलं फिलिप्सबर्ग आणि पेनसिल्व्हेनियातलं ईस्टन ही गावं डेलावेअर नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली आहेत. मध्ये १८९६ सालचा पोलादी पूल आहे. त्यावर टोल नाही, म्हणून त्याचं नावच ‘फ्री ब्रिज’ पडलं. तीन-चार मिनिटं चाललं की माणूस पलीकडच्या राज्यात पोहोचतो. २०२५ साली या पुलाच्या न्यू जर्सीकडच्या टोकाला कायद्याने ठरलेलं किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होतं. पेनसिल्व्हेनियाच्या टोकाला ते सव्वासात डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही खाडा न करता काम केलं, तर एका काठावर ३२,२१९ डॉलर होतात आणि दुसऱ्या काठावर १५,०८०.

‘अमेरिकेत साध्या कामाला काय मिळतं?’ असं कुणी विचारलं की मला म्हणूनच आधी विचारावं लागतं, नदीच्या कुठल्या काठाला?

सव्वासात डॉलर हा आकडा पेनसिल्व्हेनियाचा नाही, तो केंद्राचा आहे. १९३८ साली रूझवेल्ट यांच्या काळात ‘फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट’ आला आणि देशभरासाठी तासाला २५ सेंटचं किमान वेतन ठरलं. त्या कायद्यात एक उणीव राहून गेली. महागाई वाढली की वेतन आपोआप वाढेल अशी तरतूद त्यात नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाच्या जोडीला विशेष भत्ता असतो आणि किंमत निर्देशांकाप्रमाणे तो दर सहा महिन्यांनी बदलतो. अंमलबजावणी किती होते हा वेगळा आणि दुखरा प्रश्न आहे, पण निदान कागदावर तरी आकडा हलतो. अमेरिकेत केंद्रीय वेतन वाढवायचं तर प्रत्येक वेळी काँग्रेसने नवा कायदा करावा लागतो. शेवटची वाढ २४ जुलै २००९ रोजी लागू झाली. तेव्हापासून महागाईने त्या सव्वासात डॉलरचा जवळपास एक तृतीयांश भाग खाऊन टाकला आहे. १९३८ पासून इतकी वर्षं हा आकडा एकाच जागी कधी थांबला नव्हता.

राज्यांना केंद्रापेक्षा जास्त वेतन ठरवायची मुभा आहे आणि तीस राज्यांनी ते ठरवलंही आहे. उरलेल्या वीस राज्यांत सव्वासातच चालतं. अलाबामा, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना आणि टेनेसी या दक्षिणेतल्या पाच राज्यांमध्ये तर किमान वेतनाचा स्वतःचा कायदाच नाही.

डेलावेअर नदीकडे परत येतो, कारण किमान वेतनावरच्या वादातला सर्वांत गाजलेला अभ्यास याच नदीच्या दोन काठांवर झाला. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सीने किमान वेतन सव्वाचार डॉलरवरून ५ डॉलर ५ सेंटवर नेलं. पेनसिल्व्हेनियाने ते होतं तिथेच ठेवलं. दिवस मंदीचे होते आणि मजुरी वाढवली की मालक माणसं कमी करणार, असं पाठ्यपुस्तकं ठामपणे सांगत होती. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्ही काठांवरच्या चारशेहून अधिक बर्गर आणि चिकनच्या दुकानांकडून माहिती गोळा केली, एकदा वाढीच्या आधी आणि पुन्हा त्याच वर्षाच्या अखेरीस. पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत न्यू जर्सीतली कामं घटलेली दिसली नाहीत. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी पगारपत्रकांच्या आधारे हा निष्कर्ष खोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि तो वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण माफक वाढीने रोजगार कोसळतो हे त्यानंतर कुणाला गृहीत धरता आलं नाही. क्रूगर २०१९ मध्ये गेले. कार्ड यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

त्या वेळी दोन काठांमधलं अंतर ऐंशी सेंटचं होतं. २०२५ साली ते सव्वाआठ डॉलरच्या घरात होतं.

‘पण न्यू जर्सी किती महाग आहे!’ हा पुढचा आक्षेप ठरलेला असतो. त्यात तथ्य आहे, म्हणून तो नीट तपासून पाहू. अमेरिकी सरकारचा अर्थविश्लेषण विभाग दर वर्षी राज्यांच्या किंमतपातळीची तुलना करतो. देशाची सरासरी १०० धरली, तर न्यू जर्सी १०९ च्या आसपास येतं आणि पेनसिल्व्हेनिया १०० च्या किंचित खाली. म्हणजे महागाईतला फरक साधारण दहा-बारा टक्के आणि किमान वेतनातला फरक दुपटीहून जास्त. शिवाय ही सबंध राज्याची सरासरी आहे. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या, कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या गावांमधली स्वस्त घरं या सरासरीत धरलेली असतात. ईस्टनच्या भाडेकरूला त्यांचा काय उपयोग?

मुळात दूध, मोबाइल, गाडी यांच्या किमती राज्याराज्यांत फारशा बदलत नाहीत. बदलतं ते घर. न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला भेटलात तर तो पगाराआधी घरपट्टीचं बोलेल. २०२४ साली तिथली सरासरी घरपट्टी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली आणि सबंध देशात ती सर्वांत जास्त आहे. त्यातला मोठा भाग गावच्या शाळांवर खर्च होतो. चांगली शाळा हवी म्हणून लोक त्या गावात घर घेतात, त्यामुळे घरांचे भाव चढतात, आणि भाव टिकावेत म्हणून गावकरी नव्या, छोट्या, परवडणाऱ्या घरांना आडवे येतात. एका प्लॉटवर एकच घर हा नियम गावोगावी लिहून ठेवलेला आहे. १९७५ साली माउंट लॉरेल खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की प्रत्येक वाढत्या गावाने गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आपल्या वाट्याची घरं होऊ दिली पाहिजेत. त्याला पन्नास वर्षं झाली आणि गावं अजून कोर्टात भांडताहेत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्यांबद्दल मला हे स्पष्ट म्हणायचं आहे की त्यांनी मजुराच्या हातात जास्त पैसे दिले आणि घर बांधायला मात्र जागा दिली नाही. वाढलेल्या मजुरीचा मोठा वाटा मग घरमालकाच्या खिशात जातो.

‘स्वस्त’ राज्यांचा हिशेबही वरवर दिसतो तितका सरळ नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया दोघंही किराण्यावर विक्रीकर लावत नाहीत. मिसिसिपी हे देशातल्या सर्वांत स्वस्त राज्यांपैकी एक आणि सर्वांत गरीबही. तिथे पीठ, अंडी, तांदूळ यांवर सात टक्के कर होता. जुलै २०२५ मध्ये तो पाचवर आणला गेला. सव्वासात डॉलरवर जगणाऱ्याच्या कमाईचा केवढा हिस्सा पोटावर खर्च होत असेल, याचा अंदाज करून पाहा.

मग पेनसिल्व्हेनियातला आकडा हलत का नाही? तिथल्या लोकांनाच तो नको आहे, असं समजण्याची चूक करू नये. खुद्द न्यू जर्सीत काय घडलं ते पाहा. विधिमंडळाने मंजूर केलेली वेतनवाढ रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी २०१३ च्या जानेवारीत नकाराधिकार वापरून रोखली. विधिमंडळाने वेगळी वाट काढली आणि घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवला, कारण त्याला गव्हर्नरची सही लागत नाही. नोव्हेंबरमध्ये एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर लोकांनी ख्रिस्टींना साठ टक्के मतं देऊन पुन्हा निवडलं आणि त्यांनी अडवलेली वेतनवाढही साठ टक्क्यांच्या वर मतांनी संमत केली. महागाईप्रमाणे दर वर्षी वेतन वाढवण्याची तरतूदही त्यातच होती.

हे एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. फ्लोरिडात घटनादुरुस्तीला साठ टक्के मतं लागतात. २०२० साली त्या राज्याने ट्रम्प यांना ५१ टक्के मतं दिली आणि किमान वेतन टप्प्याटप्प्याने १५ डॉलरवर नेणाऱ्या दुरुस्तीला जवळपास ६१. नेब्रास्का, अर्कान्सा, अलास्का ही रिपब्लिकन राज्यंही सार्वमताने पुढे सरकली. उलट २०२४ साली डेमोक्रॅटिक कॅलिफोर्नियाने १८ डॉलरचा प्रस्ताव थोडक्या मतांनी फेटाळला. मजुरीवरचं मत पक्षाच्या रंगाप्रमाणे पडत नाही. प्रश्न मतदारापर्यंत पोहोचतो की नाही, यावर सगळं ठरतं.

पेनसिल्व्हेनियात तो पोहोचत नाही. नागरिकांनी सह्या गोळा करून राज्यव्यापी प्रस्ताव मतपत्रिकेवर आणायची सोय तिथे नाही. २००६ च्या कायद्याने शहरांचेही हात बांधले आहेत, त्यामुळे फिलाडेल्फियासारखं महानगर स्वतःपुरतं वेतन वाढवू शकत नाही. जून २०२५ मध्ये डेमोक्रॅट बहुमताच्या प्रतिनिधिगृहाने नवं विधेयक मंजूर केलं. त्यात काउंट्यांचे तीन गट पाडले होते: फिलाडेल्फिया, मोठ्या लोकसंख्येच्या काउंट्या आणि बाकीच्या. आपल्याकडच्या किमान वेतनाच्या परिमंडळांची आठवण यावी अशी ही रचना आहे. ‘ग्रामीण भागाला परवडणार नाही’ या आक्षेपावर मला ती प्रामाणिक तोड वाटते. रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटमध्ये ते विधेयक अडकलं.

आणि पोहोचलेलं मतही परत घेता येतं. सेंट लुइस शहरात मे २०१७ मध्ये किमान वेतन १० डॉलर झालं. मिझुरीच्या विधिमंडळाने शहरांचा तो अधिकारच काढून घेतला आणि २८ ऑगस्टला वेतन पुन्हा ७ डॉलर ७० सेंटवर आलं. चार महिनेही झाले नव्हते. लोकांनी २०१८ साली सार्वमताने राज्यभर वाढ करून घेतली. २०२४ मध्ये पुन्हा मतदान करून १५ डॉलर आणि आजारपणाची पगारी रजा मिळवली. त्या दिवशी मिझुरीने ट्रम्प यांनाही मोठ्या फरकाने विजयी केलं होतं. २०२५ मध्ये विधिमंडळाने ती रजा कायदा करून रद्द केली. तापात कामावर न जाण्याचा हक्क लोकांनी मत देऊन घेतला होता. तो असा काढून घेतला गेला, याचा मला मनापासून राग येतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. देशभरात ताशी मजुरीवर काम करणाऱ्यांपैकी सव्वासात किंवा त्याहून कमी मिळणारे आता सुमारे एक टक्काच उरले आहेत. ईस्टनचा दुकानदारही आज सव्वासातवर माणूस ठेवू शकत नाही, कारण तो माणूस पूल ओलांडून जाईल. दोन राज्यांमधल्या करारामुळे त्याचा प्राप्तिकर राहत्या राज्यालाच जातो, तेव्हा त्याला तीही आडकाठी नाही. पण पूल जवळ असलेल्यांचीच ही गोष्ट आहे. राज्याच्या मध्यावर, जिथून कुठलीच सीमा जवळ नाही आणि ज्याच्याकडे गाडी नाही, त्याला मालक जे म्हणेल ते घ्यावं लागतं.

टेबलाशी ऑर्डर घेणाऱ्यांचा आकडा तर याहूनही वेगळा आहे. पेनसिल्व्हेनियात मालकाने त्यांना द्यायचे तासाला २ डॉलर ८३ सेंट. बाकीचं गिऱ्हाइकाने टेबलावर ठेवलेल्या पैशांतून भरून निघेल, असं कायदा धरून चालतो. ही चाल अमेरिकेत कशी रुळली आणि केंद्राचा २ डॉलर १३ सेंटचा दर १९९१ पासून तसाच का आहे, ते पुढच्या लेखांकात.