जहाजाचा पंखा नेमका कशानं झिजतो? उत्तर हातकणंगलेतल्या पंपातही सापडतं

हातकणंगले तालुक्यात जहाजं कुठनं आली, असं तुम्ही म्हणाल. जहाजं नाहीत, पण रुकडी-रुईच्या बाजूला पंचगंगेवर उसाला पाणी देणारे पंप आहेत. त्यातल्या एखाद्या जुन्या पंपाचा इंपेलर खोलून बघा. कधीकधी पात्यावर वाळवी लागल्यागत खड्डे दिसतात. अगदी तसेच खड्डे जहाजाच्या प्रोपेलरलाही पडतात.

पहिला संशय जातो खाऱ्या पाण्यावर. गंजच असणार! शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही हाच वाद होता. मोठ्या जहाजांचे प्रोपेलर भराभर खराब होत होते. टर्बाइनवाले चार्ल्स पार्सन्स आणि त्यांचे सहकारी कुक यांनी त्याचा छडा लावायला घेतला आणि 1919 मध्ये निष्कर्ष मांडला. दोषी निघाले बुडबुडे.

आता बुडबुडा धातू कसा फोडेल?

पातं जोरात फिरलं की त्याच्या एका बाजूला पाण्याचा दाब पडतो. दाब हवेच्या दाबाच्या साधारण चाळिसाव्या हिश्शावर आला, तर 20 अंशांचं गार पाणीसुद्धा उकळतं. त्यातून वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते थोडं पुढे, जास्त दाबाच्या जागी गेले की क्षणात मिटतात. मिटताना आजूबाजूचं पाणी आत धावतं आणि पात्यावर बारीक हातोडा बसतो. असे लाखो घाव बसले की धातू थकतो, त्याचे कण सुटतात. याला म्हणतात कॅव्हिटेशन. बुडबुडा मिटताना किती दाब तयार होतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्येच मांडलं होतं.

पण प्रत्येक झीज बुडबुड्यांचीच नसते, म्हणून आधी खूण बघायची. स्पंजसारखे खडबडीत खड्डे एकाच जागी असतील तर कॅव्हिटेशन. पाण्याच्या वाटेनं गुळगुळीत घासलेलं असेल तर वाळू. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात हे हमखास. पितळ लालसर पडून ठिसूळ झालं असेल तर त्यातलं जस्त निघून गेलंय, म्हणजे खरंच गंजाचा प्रकार.

आपल्याकडे गडबड होते उन्हाळ्यात. नदी खाली जाते, पंप वरच राहतो, ओढ वाढते. त्यात फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पाला अडकलेला. पंपातून खडी चालल्यासारखा आवाज येतो, पाणी कमी पडतं, आणि आपण बेअरिंग बदलून मोकळे होतो. पुढच्या वर्षी नवा इंपेलर, पुन्हा तेच खड्डे. खरं तर आधी जाळी साफ करायची, पंप पाण्याच्या जवळ उतरवायचा. जहाजावरही नुसता नवा प्रोपेलर लावून भागत नाही, पात्यांचा आकार आणि फेरे बदलावे लागतात.