तांदळाच्या पोटातला पांढरा डाग

दिवाळीच्या आगेमागे पेण-रोह्याकडच्या गिरण्यांबाहेर भाताच्या गोण्यांची रांग लागते. नवा तांदूळ घरी आला की तो सुपात पाखडायचा, मग ताटात पसरून खडे आणि तुसं निवडायची, हे काम अजूनही बहुतेक घरांत बायकांकडेच असतं. निवडताना नजर अडते ती काही वेगळ्या दाण्यांवर. बहुतेक दाणे काचेसारखे अर्धपारदर्शक असतात. काहींच्या पोटाशी मात्र पांढरा ठिपका असतो, तर काही दाणे अर्धेअधिक खडूसारखे दिसतात. रेशनच्या तांदळातही अधूनमधून फिके, पांढुरके दाणे सापडतात. मग ‘हा प्लास्टिकचा तांदूळ’ अशी कुजबुज सुरू होते. वेचलेले दाणे कोंबड्यांपुढे पडतात किंवा कचऱ्यात जातात.

घरचा पांढरा डाग आणि रेशनमधला पांढुरका दाणा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली निसर्गातली उणीव आहे, दुसरी माणसाने जाणूनबुजून घातलेली भर. दोन्ही एकाच मापाने मोजल्या तर नुकसान घरच्यांचंच, विशेषतः रक्त कमी असलेल्या बाईचं आणि तिच्या मुलांचं होतं.

आधी घरच्या दाण्याकडे पाहू. तांदूळ म्हणजे भाताच्या बाळाची शिदोरी. टोकाशी असतो तो अंकुर, आणि बाकीचा सगळा भाग त्या अंकुराला रुजताना लागणाऱ्या अन्नाचा साठा. भात निसवला, फुलोरा आला आणि परागीभवन झालं की एकाच फुलात दोन संयोग घडतात. एकातून अंकुर तयार होतो, दुसऱ्यातून हा अन्नसाठा. साठ्याच्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे तीन संच असतात. त्यांतले दोन आईच्या बाजूचे आणि एक बापाच्या बाजूचा. त्यामुळे दोन वाणांचा संकर करताना मादी कोणती निवडली, यावरही दाण्याचं रूप काही अंशी ठरतं.

पहिले काही दिवस या साठ्यात पेशींच्या भिंतीही नसतात. मग भिंती उभ्या राहतात आणि पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, भरायला सुरुवात होते. शेतकरी म्हणतो, दाण्यात दूध भरलं. भरण मधून सुरू होतं आणि कडेकडे सरकत जातं. पानांत तयार झालेली साखर दाण्याच्या पाठीकडून जाणाऱ्या एका बारीक वाहिनीने आत येते. गर्भाला जशी नाळ, तशी दाण्याला ही वाहिनी. पोटाची बाजू तिच्यापासून सर्वांत दूर असते. पुरवठा कमी पडला तर उपाशी राहते तीच, म्हणून पांढरा डाग बहुतेक वेळा पोटाशीच दिसतो.

हा पांढरेपणा म्हणजे वेगळा पदार्थ नाही. चांगल्या भरलेल्या दाण्यात स्टार्चचे कण कोनदार असतात आणि एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. प्रकाश त्यांतून सरळ पार जातो. डागाच्या जागी हेच कण गोलसर आणि सैल राहतात. त्यांच्यामधल्या फटींत हवा असते आणि प्रकाश तिथे विखुरतो. खडीसाखर काचेसारखी दिसते, तीच कुटली की पांढरी दिसते. साखर तीच, फरक फक्त रचनेचा.

रचना बिघडण्यामागे दोन कारणं असतात. एक वंशाचं, दुसरं हवेचं. २०१४ साली चिनी शास्त्रज्ञांनी भाताच्या पाचव्या गुणसूत्रावरचं ‘चॉक-५’ हे जनुक शोधून काढलं. पेशीच्या आतल्या पिशव्यांमधली आम्लता राखणारा एक पंप या जनुकाच्या हुकमाने बनतो. पंप गरजेपेक्षा जास्त झाले की पेशीतली वाहतूक बिघडते, कणांची बांधणी सैल होते आणि दाणा खडूसारखा होतो. अशी आणखीही अनेक जनुकं आहेत. सहाव्या गुणसूत्रावरचं ‘वॅक्सी’ जनुक बंद पडलं तर स्टार्चचा अमायलोज हा घटक जवळजवळ बनतच नाही आणि अख्खा दाणा पांढरा होतो. आसामातला चिकट ‘बोरा’ तांदूळ असाच असतो, आणि तिथे तो सणासुदीला मानाने खाल्ला जातो.

दुसरं कारण उष्णतेचं. दाणा भरण्याच्या दिवसांत सरासरी तापमान साधारण २६ अंशांच्या वर राहिलं तर स्टार्च बांधणारी विकरं मंदावतात आणि तो तोडणारी विकरं जोर धरतात. दाणा घाईने भरतो, पण नीट भरत नाही. कोकणात खरिपाचा भात भरतो तो नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात. रोह्याकडे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतात, तो तर एप्रिलच्या उन्हात पिकतो. त्यात रात्रीही गरम राहिल्या तर अडचण वाढते. जपानला हा अनुभव २०१० आणि २०२३ च्या कडक उन्हाळ्यांत आला. तिथल्या नावाजलेल्या कोशिहिकारी तांदळाची प्रत या पांढरेपणामुळेच घसरली. हवामान तापत चाललं आहे, तेव्हा असे दाणे आपल्याही ताटात वाढतील, हे गृहीत धरायला हवं.

यात शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. सैल बांधणीचा दाणा ठिसूळ असतो. गिरणीत तो मोडतो आणि त्याची कणी होते. सरकारी खरेदीच्या मापदंडात अर्धा किंवा त्याहून अधिक भाग दुधासारखा पांढरा आणि ठिसूळ असलेल्या दाण्याला खडूसारखा दाणा म्हटलं आहे, आणि कच्च्या तांदळात असे दाणे ५ टक्क्यांपर्यंतच चालतात. म्हणून नवा वाण तपासताना उताऱ्याबरोबर दाण्याची पारदर्शकताही पाहिली जाते.

पण खाणाऱ्याच्या तब्येतीला त्यात धोका काहीच नाही. डागाचा दाणा पाणी लवकर ओढतो, थोडा मऊ शिजतो, आणि शिजल्यावर डाग दिसेनासा होतो. त्याची कणी पेजेला आणि पिठी भाकरीला उत्तम. उकड्या तांदळात तर डाग आधीच बुजतो. भात सालासकट भिजवून उकडला की स्टार्चचे कण फुगतात, फटी भरतात आणि दाणा पुन्हा एकसंध होतो. शिवाय कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व काही प्रमाणात आत उतरतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर डॉ. क्रिस्तियान आइकमान यांना गुळगुळीत सडलेल्या तांदळाचा आणि बेरीबेरीचा संबंध दिसला होता. त्या कामासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. तांदळाचं सत्त्व जातं ते अतिपॉलिशमुळे, पोटातल्या डागामुळे नव्हे. मधुमेह असलेल्यांनीही डागाची चिंता करू नये. रक्तातली साखर किती चढेल हे अमायलोजचं प्रमाण, पॉलिश आणि मुख्य म्हणजे ताटात किती भात वाढला, यावर ठरतं.

उणीव म्हणजे दरवेळी तोटाच, असंही नाही. पेणवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गावर पावसाळ्यात मक्याची कणसं खपतात. त्यांतला गोड मका हा खरं तर सदोष दाण्याचाच मका. साखरेपासून स्टार्च बनवण्याच्या साखळीतलं एक जनुक त्यात बिघडलेलं असतं, म्हणून साखर तशीच राहते. हे दाणे वाळले की सुरकुततात. बियाणं विकणाऱ्याला तो दोष वाटेल, कणीस खाणाऱ्याला तीच चव. जपानमध्ये साके बनवणारेही मधोमध पांढरा गाभा असलेला तांदूळ मुद्दाम निवडतात, कारण सैल गाभ्यात बुरशीला सहज शिरता येतं.

आता रेशनच्या दाण्याकडे वळू. तो शेतात पिकलेलाच नसतो. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून यंत्रातून तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि १०० किलो तांदळात साधारण १ किलो या प्रमाणात ते मिसळतात. यालाच गुणसंवर्धित किंवा फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. सरकारी योजनांमधून असा तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने रेशन, अंगणवाडी आणि शाळेच्या आहारात पोहोचला. हे दाणे थोडे मळकट, एकसारखे दिसतात, काही पाण्यावर तरंगतात. म्हणूनच ते ‘प्लास्टिकचे’ ठरतात.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. बाह्यरुग्ण विभागात दम लागतो, चक्कर येते म्हणून आलेली बाई लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जाते आणि संध्याकाळी ताटातून नेमके लोहाचेच दाणे वेचून टाकते, हे थांबायला हवं. अर्थात या तांदळाने गोळ्यांची गरज संपत नाही, पालेभाजी, कडधान्यं आणि सुकटीचीही संपत नाही. ती केवळ रोजची थोडी भर आहे. थॅलेसेमियासारखा आजार असलेल्यांनी मात्र लोहाच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मग टाकायचं काय? ज्याला कुबट वास येतो, ज्यावर काळी-हिरवी बुरशी आहे, ओलीत राहून तापल्याने जो पिवळा किंवा तपकिरी पडला आहे, तो दाणा. बुरशीचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही. गिरणीतून आणलेला तांदूळ कोरडा ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं. फिका दाणा शंकास्पद वाटलाच, तर मूठभर दाणे वेगळे शिजवून पाहावेत. प्लास्टिक शिजत नाही, हा दाणा शिजून भातात मिसळून जातो. तेव्हा सुपातून खडे, तुसं आणि कुजके दाणे जाऊ द्यावेत. पांढऱ्या पोटाचे आणि रेशनचे फिके दाणे मात्र सरळ पातेल्यात पडावेत.